पायाला मुंग्या, घड्याळाला काटे

शनिवारच्या मराठी वर्गात सात वर्षांची एक मुलगी बराच वेळ मांडी घालून बसली होती. उठताना कळवळली. मी सहज विचारलं, "पायाला मुंग्या आल्या का गं?" तिनं घाईघाईनं मोजा काढला आणि बोटांच्या बेचक्यांत मुंग्या शोधू लागली. एकही सापडेना, तेव्हा म्हणाली, "मुंग्या नाहीत, ताई. पायात कुणीतरी सोडा ओतलाय." मी तिला दुरुस्त केलं, की मराठीत मुंग्याच येतात. ते अजून मला खुपतं. डोळ्यांदेखत एक नवं रूपक जन्मलं होतं आणि मी त्याच्या जागी वापरून गुळगुळीत झालेलं जुनं ठेवलं.

अमेरिकेत राहून महाराष्ट्रातली भाषेची भांडणं मी मन लावून वाचते. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून लावायचा शासननिर्णय निघाला, गदारोळ झाला, जूनअखेर तो मागे घेऊन समिती नेमली गेली. पहिलीच्या मुलांवर तिसऱ्या भाषेचं ओझं नको, हेच माझंही मत. पण त्या काळात मी जे जे वाचलं त्यात कोणती भाषा आणि कितवीपासून, एवढंच होतं. जी पहिली भाषा आहे, तिच्याशी मुलाला काय करू देणार, हे कुणी विचारताना दिसलं नाही.

मी शिकले तेव्हा रूपक मोठ्या वर्गात आलं, तेही व्याख्या होऊन. उपमेय आणि उपमान एकरूप झाले की रूपक. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, खुणेचा शब्दच नसला की बहुधा रूपक. मार्क मिळायचे. ओळीतली गंमत मात्र वर्गात कधी उलगडली नाही.

इथं अमेरिकेत सगळं आलबेल आहे, असं मात्र कुणी समजू नये. इथल्या अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१०च्या 'कॉमन कोअर' या शालेय आराखड्यात तिसरीला शब्दशः अर्थ आणि त्यापलीकडचा अर्थ वेगळा करायला शिकवायचं, चौथीला सोप्या उपमा-रूपकांचा अर्थ संदर्भातून सांगायचा, असं आहे. मला हा क्रम आवडतो, कारण तो अर्थापासून सुरू होतो. पण कागदावरचं वर्गात उतरताना पुन्हा खुणांची शिकार होते. माझ्या मुलीला एकदा उपमा शोधायचा तक्ता आला होता. 'लाइक' आणि 'अ‍ॅज' या शब्दांना गोल करायचे. मला झोपाळा आवडतो, अशा अर्थाच्या वाक्यातल्या 'लाइक'लाही तिनं गोल केला. तिला जे सांगितलं होतं, तेच तिनं केलं.

इतक्या लहान मुलांना रूपक कळतं का, ही शंका रास्त आहे. एलन विनर, हॉवर्ड गार्डनर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मुलांना एक वाक्य दिलं होतं: तुरुंगात अनेक वर्षं काम करून पहारेकरी हलवता न येणारा कठीण खडक झाला. सहा-सात वर्षांच्या काही मुलांनी सांगितलं की कुणीतरी जादूनं त्याचा खडक केला, काहींनी सांगितलं की तो दगडी भिंतींच्या तुरुंगात काम करतो. त्याहून थोडी मोठी मुलं त्याच्या टणक स्नायूंबद्दल बोलली. मन कठोर झालं, हा अर्थ दहाच्या आसपास नीट येऊ लागला.

यावरून 'थांबा, मोठी होऊ द्या' असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. सहा वर्षांच्या मुलाला तुरुंग आणि माणसाचं निबर होणं कुठून ठाऊक असणार? जे मुलाला ठाऊक आहे, त्याचं रूपक त्याला कळतं. पुढच्या अभ्यासांत हेच दिसलं: गोष्टीचा संदर्भ दिला, ती खेळण्यांनी करून दाखवायला सांगितली, की त्याहून लहान मुलांनाही अर्थ लागतो.

म्हणून आता मी वर्गात 'रूपक' हा शब्दच काढत नाही. वस्तू समोर ठेवते. कपाला कान असतो, बाटलीला मान, टेबलाला पाय. मग भिंतीवरचं घड्याळ. मराठीत त्याला काटे असतात, इंग्रजीत हात. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या पदरात ही श्रीमंती आपोआप पडलेली असते, फक्त तिच्याकडे बोट दाखवणारं कुणीतरी हवं. "तुम्ही काय नाव दिलं असतं?" असं विचारलं, तर दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "पाय. घड्याळ चालतं ना?" मी "का?" विचारण्याआधीच त्यानं कारण दिलं होतं. मग वर्गात वाद पेटला. चालतं तर पुढे का जात नाही? बंद पडलं तर पाय मोडला म्हणायचं का? वीस मिनिटं गेली, धडा राहिला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांपाशी इतका मोकळा वेळ नसतो, वर्गात मुलंही माझ्या कितीतरी पट असतात, याची मला कल्पना आहे. पण घड्याळ प्रत्येक शाळेत असतं, आणि या प्रश्नाला ना पुस्तक लागतं ना परीक्षा. तिसरी भाषा कधी आणायची, हे ठरेल तेव्हा ठरेल. पहिल्या भाषेतलं हे काम त्यासाठी अडून राहायला नको.

त्या मुलीची मी पुढच्या शनिवारी माफी मागितली. फळ्यावर दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली: पायाला मुंग्या आल्या. पायात सोडा ओतला. तिनं बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणाली, "मुंग्या पण बरोबर आहे. त्या पायावरून पळतात तेव्हा असंच होतं."