आल्फ्रिस्टनचं घर जहाजाच्या लाकडाचं नाही

इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या आल्फ्रिस्टन गावच्या 'क्लर्जी हाऊस'चा फोटो सध्या फिरतोय. खाली मजकूर: 'मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडातून पाद्र्यांसाठी बांधलेलं घर. मधलं उंच दालन प्रार्थनेसाठी. १८९६ मध्ये सरकारने अवघ्या १० पौंडांत घेतलं.' फोटो अस्सल आहे. मजकुरात खरं म्हणावं असं साल आणि रक्कम, बस्स.

आधी जहाज. लाकडी सांगाड्याचं घर दिसलं की इंग्लंडात हे हमखास कानावर येतं. इथे तर ककमीअर नदी जवळून वाहते, समुद्रही लांब नाही. मग काय विचारता! पण जहाजातलं जुनं ओकचं लाकूड वाळून इतकं टणक होतं की त्यात खाचा पाडताना सुताराचा जीव जाईल. घरांसाठी ओक ओलंच कापत. एका तुळईचं टोक दुसरीच्या खाचेत बसवायचं, आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड वाळेल तसं आक्रसून, वाकून सांधे आणखी आवळत. बाकदार टेकू जहाजाच्या फासळ्यांसारखे दिसतात खरे, पण ती मुळात वाकडी वाढलेली झाडं. शिवाय वील्ड या जंगलपट्ट्यातलं ओकचं रान शेजारी असताना बंदरावरून ओंडके कोण ओढत आणील?

दालनाची उंची देवासाठी नव्हे, धुरासाठी. हे 'वील्डन' पद्धतीचं घर आहे: मध्ये थेट छपरापर्यंत मोकळा हॉल, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. अशा हॉलमध्ये जमिनीवरच चूल पेटे, धुराडं नसे. धूर वर चढून शाकारलेल्या छपरातून झिरपे. टोकांचे वरचे मजले पुढे आलेले आणि छप्पर सलग एकच, म्हणून समोरून पाहिलं की मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो. भिंती आपल्या कोकणातल्या कुडासारख्या, सांगाड्यात विणलेल्या काटक्यांवर माती थापलेल्या. जमीन खडूचा मऊ दगड कुटून केलेली, वर आंबट दुधाचा हात! फॉरवर्ड लिहिणाऱ्याला नेमकं हेच सुचलं नाही.

पाद्री इथे राहिले, पण नंतर. अशी घरं सधन शेतकरी बांधत, आणि हेही तसंच मानतात.

आणि 'सरकार' कुठून आलं? घर घेतलं नॅशनल ट्रस्टने, १८९५ मध्ये स्थापन झालेल्या धर्मादाय संस्थेने. तिने घेतलेली ही पहिली वास्तू. १० पौंड ही नाममात्र रक्कम. घर पडायला आलं होतं, खरा खर्च दुरुस्तीचा होता आणि त्यासाठी लोकांपुढे हात पसरावे लागले.