नाशिकला विद्यापीठच नाही म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आठवडाभरापासून कॉलनीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की नाशिकला स्वतःचं विद्यापीठ नाही, पुण्याच्या उपकेंद्राची डिग्री दुय्यम असते, मुक्त विद्यापीठाची डिग्री नोकरीला चालत नाही, आणि वेगळं विद्यापीठ झालं की सगळे प्रश्न सुटतील. बारावीचे रिझल्ट लागलेत, घराघरात ॲडमिशनची चर्चा चालू आहे आणि अशा वेळी पोरं हे वाचून निर्णय घेतायत, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे, विद्यापीठ नाही हेच मुळात खोटं आहे. नाशिकमध्ये राज्याच्या दोन विद्यापीठांची मुख्यालयं आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ साली विधिमंडळाने कायदा करून उभं केलेलं, आणि दिंडोरी रोडला म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ चं. आता आरोग्य विद्यापीठ म्हणजे एक मोठं मेडिकल कॉलेज असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. राज्यभरातली एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी कॉलेजं त्याला जोडलेली आहेत (अभिमत म्हणजे डीम्ड विद्यापीठांची सोडून). म्हणजे पुण्याच्या बीजे मेडिकलमधून पोरगी डॉक्टर झाली की तिच्या डिग्रीवर नाशिकच्या विद्यापीठाचं नाव येतं, आणि आपल्या गंगापूर रोडच्या कॉलेजातून पोरगा बीकॉम झाला की त्याच्या डिग्रीवर पुण्याच्या विद्यापीठाचं. यात कोण कुणाचं मांडलिक नाही. महाराष्ट्रात सरकारी विद्यापीठं अशीच चालतात. एका ठिकाणी मुख्य कॅम्पस, आणि त्याला जोडलेली कॉलेजं कितीतरी गावांत. अभ्यासक्रम आणि डिग्री विद्यापीठाची, शिकवणं कॉलेजचं. स्वायत्त कॉलेज असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षासुद्धा कॉलेजची, डिग्री मात्र तरीही विद्यापीठाचीच.

थोडा इतिहास सांगतो कारण मेसेजमध्ये 'पुण्याने नाशिक बळकावलं' अशी भाषा आहे. एचपीटी कॉलेज १९२४ चं, तेव्हा पुणे विद्यापीठ जन्मालाच आलेलं नव्हतं, आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली असायची. १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे १२ जिल्हे होते. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले, राहिले पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव. मग १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, धुळे-जळगाव तिकडे गेले, आणि नाशिक-नगर पुण्याकडेच राहिले. बळकावण्याचा यात काय संबंध? उलट विद्यापीठ दर वेळी आकाराने लहानच होत गेलंय.

आता दुय्यम डिग्रीचं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं नाशिकचं उपकेंद्र आहे, दिंडोरी तालुक्यात शिवनईला त्याची जागा आहे. नगरलाही उपकेंद्र आहे. तिथे शिकलेल्या पोराला डिग्री विद्यापीठच देतं, पुण्यात गणेशखिंडीच्या मुख्य कॅम्पसमध्ये शिकलेल्याला पण तेच विद्यापीठ देतं. डिग्रीची किंमत पहिल्या-दुसऱ्या दर्जाची नसते. फरक असतो तो सोयींमध्ये, म्हणजे किती विभाग आहेत, प्राध्यापक पूर्णवेळ आहेत का, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, बस जाते का. या बाबतीत आपण मागे आहोत, हे मी मान्यच करतो आणि त्यावर बोलायलाच पाहिजे, पण 'डिग्री दुय्यम' म्हटलं की पोरगं तिथे जाणारच नाही, आणि पोरं नाहीत म्हटल्यावर नवीन विभाग तरी कोण उघडणार.

मुक्त विद्यापीठाच्या मुद्द्याने तर खरंच राग आला. आमच्या शेजारच्या काकू सातपूरला कंपनीत जायच्या, रविवारी अभ्यासकेंद्रावर बसायच्या, पोरांच्या दहावीच्या वयात स्वतः बीए झाल्या. त्यांना 'ही डिग्री चालत नाही' म्हणणाऱ्याने आधी नियम वाचावा. मान्यता असलेल्या मुक्त आणि दूरस्थ कोर्सची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांत आहे आणि सप्टेंबर २०२२ ला यूजीसीने ते परत स्पष्ट केलंय. ही अफवा येते कुठून तेही सांगतो. पूर्वी काही मुक्त विद्यापीठं पहिली डिग्री नसतानासुद्धा थेट एमएला प्रवेश द्यायची, आणि तमिळनाडूतल्या अशा एका प्रकरणात २००९ साली सुप्रीम कोर्टाने ती एमए ग्राह्य धरली नाही. तो निकाल पायरी गाळलेल्या डिग्रीचा होता. बारावी, मग बीए, मग एमए अशा क्रमाने शिकणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ॲडमिशनआधी एकच करा, तो कोर्स त्या वर्षी यूजीसीच्या मान्य यादीत आहे का ते बघा, कारण मान्यता कोर्सला असते, नुसत्या विद्यापीठाच्या नावाला नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, वेगळ्या विद्यापीठाचा. पुणं साधारण २१० किलोमीटर, सिन्नर-संगमनेर-नारायणगाव करत चाकणला अडकलात की दिवस गेला, त्यामुळे चीड मलाही कळते. सोलापूरला २००४ ला एका जिल्ह्याचं वेगळं विद्यापीठ झालं, गडचिरोलीला २०११ ला गोंडवाना झालं, तेव्हा नाशिकला होऊच शकत नाही असं नाही. पण नवीन विद्यापीठ म्हणजे परीक्षा विभाग, नॅकचं (दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं) मूल्यांकन, केंद्राच्या अनुदानासाठी लागणारी यूजीसीची १२(ब) मान्यता, शिक्षकांची पदं, सगळं शून्यापासून, आणि त्या मधल्या वर्षांत रिझल्ट रखडले तर भोगणार पोरंच. त्यापेक्षा उपकेंद्रालाच ताकद मागूया की! २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात उपपरिसराच्या (सब-कॅम्पसच्या) संचालकाचं पद आहे, त्याला अधिकार द्या, ट्रान्सक्रिप्ट, मायग्रेशन, नावातली दुरुस्ती ही कामं नाशिकलाच पुरी करा, पीएचडीची केंद्रं वाढवा.

आणि हे मागायचं कुठे? विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये. तिथे नोंदणीकृत पदवीधर १० सदस्य निवडून देतात. त्या मतदार यादीत नाव आपोआप येत नाही, डिग्री मिळाली तरी वेगळा फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. हा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो फॉर्म भरलाय, ते ग्रुपवर सांगा.