काळा कातळ वाचवणार, म्हणे!

‘मुंबई-पुणेकरांनो, निर्धास्त राहा’ असा मेसेज सध्या फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आईनेच टाकला. ती ठाण्यात सहाव्या मजल्यावर राहते, म्हणून हा खटाटोप. मेसेजचं म्हणणं असं: आपल्याखाली काळा कातळ आहे, मोठा भूकंप होणारच नाही. पालघरचे छोटे धक्के चांगलेच, जमिनीतली ताकद निघून जाते. पुढच्या धक्क्याची वेळ नासाने सांगितली आहे. आणि तरीही हललंच, तर टेबलाखाली जाऊ नका, कपाटाच्या शेजारी अंग मुडपून पडा, तिथे ‘जीवनाचा त्रिकोण’, म्हणजे माणूस वाचेल एवढी मोकळी जागा, तयार होतो.

नासाचं आधी निकालात काढू. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं आजवर कोणालाही जमलेलं नाही. पुढे चला.

कातळ! कोयनेचा १९६७ चा भूकंप कातळावरच झाला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं गेली, तिथेही खाली हाच काळा कातळ, बेसाल्ट. शिवाय किल्लारी तेव्हाच्या सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती. २००२ च्या भारतीय मानकात ते पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि मुंबई, पुणे तिसऱ्या क्षेत्रात दाखवले गेले. एवढं मान्य, की गाळापेक्षा कातळावर हादरा कमी बसतो. पण मुंबईत समुद्र बुजवून किती जमीन केली, ते शाळेतली पोरंही सांगतील. २००१ मध्ये भूकंप झाला कच्छात, आणि दोनशेहून अधिक किलोमीटर लांब अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. खाली नदीचा गाळ आणि पार्किंगसाठी मोकळा तळमजला, नुसते खांब. आपल्या सोसायट्यांत खाली जाऊन बघा जरा.

छोट्या धक्क्यांचं गणित: रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ६ रिश्टरची ताकद ४ रिश्टरच्या धक्क्यांनी काढायची तर साधारण हजार धक्के लागतील.

खरा संताप त्रिकोणाचा. ज्या प्रयोगावर हा सल्ला उभा आहे, त्यात इमारतीचे खांब यंत्राने ढकलून मजले खाली बसवले होते. भूकंपात जमीन आडवी हलते, सामान सरकतं, उलटतं. पक्क्या इमारतीत माणसं जखमी होतात ती बहुधा अंगावर पडणाऱ्या वस्तूंनी. आईच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, त्यावर दोन बॅगा आणि जुना मिक्सर. त्याच्या शेजारी पडायचं? खाली बसा, भक्कम टेबलाखाली डोकं-मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. हादरे चालू असताना लिफ्ट नको, जिनाही नको. दगडमातीच्या घरात दाराशीच असाल तर बाहेर पळणं ठीक. सहाव्या मजल्यावरून कुठे पळणार?

आई, उद्या सुतार येतोय. कपाट भिंतीला स्क्रूने आवळून घे आणि तो मिक्सर आधी खाली उतरव.