गॅलरी म्हणजे जात पडताळणी समिती नव्हे

कलावंताला खुर्चीत बसवून ‘तुम्ही नेमक्या कोण?’ असं विचारणं थांबवायला हवं. निदान नागपुरात तरी.

गेल्या रविवारी सिव्हिल लाइन्सकडच्या एका कलादालनात एका तरुण चित्रकर्तीशी गप्पांचा कार्यक्रम झाला. विषय होता ओळख आणि आपलेपणा. तिचं आणि दालनाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं म्हणणं त्या एका संध्याकाळपुरतं नाही. मुलगी तांडापेठेतली, हातमाग चालवणाऱ्या घरातली. भिंतीवर जुन्या नागपुरी लुगड्यांचे काठ टांगलेले होते, मधलं कापड काढून टाकलेलं. त्या मोकळ्या जागेत पातळ कागदावर शाळा सोडल्याचे दाखले, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) पानं, वंशावळीचे तक्ते, सगळं तिनं हातानं उतरवलेलं. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

आणि कार्यक्रमातला पहिला प्रश्न काय आला? ‘म्हणजे मॅडम, तुम्ही हलबा की कोष्टी?’

बाहेरगावच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. नागपुरातल्या विणकर वस्त्यांमध्ये हा प्रश्न साधा नाही. हलबा ही आदिवासी जमात, कोष्टी ही विणकर जात. स्वतःला हलबा म्हणवणाऱ्या कोष्टी समाजाला अनुसूचित जमातीचे दाखले मिळायचे, त्यावर वाद झाला, आणि २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की यादीतल्या ‘हलबा’ या नोंदीत हलबा-कोष्टी येत नाहीत. त्यानंतर किती घरांत नोकरीची धाकधूक शिरली, हे गोळीबार चौकात कुणालाही विचारा. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या वाट्याच्या जागा दुसरीकडे जातात, हे आदिवासी संघटनांचं दुखणं खोटं नाही. त्या वादाचा निवाडा मी इथे करणार नाही. पण ज्या मुलीच्या घरानं हा प्रश्न सरकारी टेबलासमोर उभं राहून ऐकलाय, तिला तोच प्रश्न गॅलरीत माईकवरून विचारायचा?

याच शहरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन विधानभवनावर आलेल्या गोवारी बांधवांपैकी ११४ जण चेंगराचेंगरीत गेले. आपण ज्या उड्डाणपुलावरून रोज जातो त्याला त्यांचंच नाव आहे. ओळखीच्या प्रश्नाची किंमत नागपूरनं मोजलेली आहे. तो विचारताना आवाज जरा खाली यायला हवा.

जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत आप्तभाव चाचणी नावाचा प्रकार असतो. देव कोणते, लग्नात काय करता, मयतीला काय करता, बोली कोणती, यावरून माणूस त्या जमातीचा आहे की नाही ते ठरवायचं. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं. आपल्या गॅलऱ्यांमध्ये मात्र ती बिनदिक्कत चालू आहे. तुमच्या चित्रांत तुमचा समाज कुठे दिसतो? मग हे अमूर्त का काढता?

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, घर मूळचं गोव्याचं. चित्रकार सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातले. १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकले, पुढे साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिले आणि २०१६ मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं. गायतोंड्यांच्या कॅनव्हासवरची शांतता आपण शांतता म्हणूनच स्वीकारतो. तिच्यात गोवा किती आणि नागपूर किती, असा हिशेब मागत नाही. हीच मोकळीक तांडापेठेच्या मुलीला का नको?

त्या मुलीनं प्रश्नाला उत्तर दिलं नाही. ती आजीबद्दल बोलू लागली, आणि संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा भाग तोच होता. पहाटे गल्लीत ताणा लांबवर ताणायचा, त्याला खळ लावायची, ऊन चढायच्या आत कुंच्यानं ती सारखी करायची. ही पांजणी, कांड्या भरणं, तुटलेला धागा जोडणं, सगळं आजीच्या हातचं. माग मात्र आजोबांच्या नावाचा. आणि पडताळणीसाठी जे पुरावे लागतात ते सगळे वडिलांकडच्या नात्याचे, १९५० च्या, म्हणजे जमातींची यादी निघाली त्या वर्षाच्या, आधीचे असले तर उत्तम. ‘माझ्या हाताला जे येतं ते आजीकडून आलं,’ ती म्हणाली, ‘पण तिच्याकडून मी कोण, हे सांगणारा एकही कागद सरकारला चालत नाही.’ म्हणून तिनं मधलं कापड काढलं होतं. ती मोकळी जागा आजीची होती. तोवर मला ती जागा कागदांसाठी केलेली वाटली होती.

यावर बोलायला हवं होतं. आईकडून, आजीकडून येणारा आपलेपणा मोजायला आपल्याकडे मापच नाही, ही केवढी गोष्ट आहे! ती फक्त कोष्टी घरापुरती नाही, तुमच्या-माझ्या घराचीही आहे. पण समोरून पुन्हा आरक्षणावर मत मागितलं गेलं आणि सूत्रसंचालकांनी ते मागू दिलं.

मागच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. त्या उठून थेट भिंतीपाशी गेल्या, काठावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हा आमच्या घरी निघे वं बाई. याले एवढी बारीक फणी नाही लागत.’ मुलगी खुर्ची सोडून त्यांच्याजवळ गेली. दोघी मागाच्या फणीवर, सुताच्या नंबरावर वाद घालू लागल्या. मुलीचा चेहरा पहिल्यांदा खुलला. तेवढ्यात वेळ संपल्याचं जाहीर झालं, चहा आला.

आयोजकांना माझी विनंती आहे. पुढची बैठक तांडापेठेत घ्या, एखाद्या मागाशेजारी, आणि त्या आजींना पहिलं बोलू द्या. प्रश्न आधी कामाबद्दल घ्या: हे कशानं केलं, किती वेळ लागला, कुणाकडून शिकलात. जातीबद्दल कलावंताला बोलायचं असेल तर ती स्वतःहून बोलेल, आणि तेव्हा सगळ्यांनी नीट ऐकावं. खुर्च्या, सतरंजी आणि चहाचं मी बघतो. तांडापेठेत घर किंवा अंगण देऊ शकणारं तुमच्यापैकी कुणी असेल तर मला मेसेज करा.