एक टोक धरा की तात्या

काल मित्राचा फोन. "अरे, आमच्या तात्यांनी तुझा तंबू उभा करून दिला म्हणे शेतात?" करून दिला म्हणे! तेव्हापासून डोकं सटकलंय माझं, म्हणून काय झालं ते लिहून ठेवतोय, निदान वाचणारे तरी माझ्या बाजूने असतील.

तर, डिसेंबरात 13-14 तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो, अंधारी जागा मिळाली तर तासाला शंभरच्या आसपास उल्का दिसू शकतात, आणि संभाजीनगरात माझ्या गॅलरीतून दिसतो तो फक्त समोरच्या मंगल कार्यालयाचा हॅलोजन. मित्राचं शेत धारूरकडं, बालाघाटाच्या माळावर. मित्र स्वतः पुण्यात, त्यामुळं "जा की, आपलंच शेत आहे" म्हणायला त्याचं काय जातंय. तंबूच्या किमती बघून मी ताडपत्रीवर आलो. दोन झाडांना दोरी ताणायची, तिच्यावर ताडपत्री टाकायची, चार कोपरे खाली ओढून खुंट्या ठोकायच्या, झालं. व्हिडिओतला माणूस तर हे बोलत बोलत करतो.

त्या माणसाला एकदा आमच्या माळावर आणा. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली सरळ काळा पाषाण. ॲल्युमिनियमची खुंटी दोन बोटं आत जाते आणि मग मान टाकते. बरं खाली काळ्या रानात जावं तर तिथं वाळल्यावर भेगा पडतात आणि ओलं असताना खुंटी सोडा, आपलीच चप्पल परत मिळत नाही. या मातीनं आमच्याकडं कुणाचं काय सरळ होऊ दिलंय? रस्ते बघा आमचे. जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे.

दगड गोळा करत होतो तेवढ्यात बांधावर मोटरसायकल थांबली. उतरून तात्या उकिडवे बसले, चुन्याची डबी काढली, आणि नीट नाटक बघायला आल्यासारखे मळत बघू लागले.

"पवनचक्कीवालं का पावनं?"

म्हटलं नाही.

"न्हाई, सर्वे आसंल तर आमच्या बी गटात एक टाका म्हन्लं. वारं लई हाय तिकडं."

"सर्वे नाही तात्या, मी झोपणारे इथं आज."

यावर बराच वेळ नुसती तंबाखू मळली गेली. मग एकदम हळू आवाजात, आपुलकीनं:

"घरी भांडन झालं का?"

"नाही हो!"

"व्हतंय व्हतंय. पर म्हून वावरात झोपायचं? घर हाय की आमचं. गादी हाय."

मग मी उल्का समजावल्या. 1983 साली एक लघुग्रह सापडला, फेथॉन नावाचा, त्याच्या वाटेवर त्याची धूळ पसरलेली असते, पृथ्वी त्यातून जाते, कण वातावरणात जळतात आणि आपल्याला तारा तुटल्यासारखं दिसतं. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. तंबाखू दाढेला लावली. आणि म्हणाले,

"म्हंजे तुमी आभाळ बघायला आलाव."

"हो."

"मंग आभाळाच्या आडवी ताडपत्री कामून बांधायलाव?"

आता याला उत्तर आहे, नाही असं नाही! पहाटे दव पडतं, बघून झाल्यावर झोपायला काहीतरी आडोसा लागतो. पण हे मी तोंड उघडून सांगेपर्यंत तात्यांनी स्वतःच कोडं सोडवलं, "हां हां, ती धूळ आंगावर पडंल म्हून," आणि लगेच कुणाला तरी फोन लावून हे ज्ञान पुढं पाठवलं. पलीकडून हसण्याचा आवाज मला दहा फुटांवर आला.

ताडपत्रीचं कसंय, एकट्यानं बांधताना ह्या टोकाला गाठ मारावी तर ते टोक वाऱ्यानं पालथं होतं. म्हणून म्हटलं, "तात्या, जरा एक टोक धरा की."

"धरलं आसतं," ते म्हणाले, जागचे न हलता.

आणि सूचना चालू. कडीत दोरी बांधू नका, कडी उपसून येती, कोपऱ्यात खडा घालून त्याच्या मागून आवळा. तोंड उगवतीकडं ठिवू नका, रातचं वारं तिकडूनच येतंय. आता मिथुन रास संध्याकाळनंतर उगवतीकडूनच वर येते, मी तोंड तिकडं नाही ठेवणार तर काय कारखान्याच्या चिमणीकडं ठेवणार? पण खड्याची युक्ती करून बघितली, ती एक नंबर निघाली आणि त्यानं मला जास्तच राग आला. म्हटलं तात्या तुम्हाला एवढं कसं माहीत, तर म्हणाले, दिवाळी झाली की कोयता घेऊन खाली ऊसतोडीला जायचो आम्ही नवराबायको, मुकादमाची उचल फिटंपर्यंत. सा-सा म्हैने खोपीत. लेकरं तिथंच. थंडीत पाचट अंथरायची अन् वर ही असली ताडपत्री. "शेवटचा पट्टा पडला, ऊसतोड सपली, त्या दिवशी म्हन्लं, आता ताडपत्रीला हात लावायचा न्हाई."

यावर काय बोलणार? मी गप दगड उचलायला लागलो. माणूस खरं बोलत होता, पण पाठ माझी मोडत होती, आणि मला त्यांची कणव आणि चीड एकाच वेळी यायला लागली, जे फार वाईट असतं, धड भांडताही येत नाही. अंधार पडल्यावर "काय लागलं तर आवाज द्या" म्हणून ते गेले. त्यांचं घर दीड किलोमीटरवर!

उल्का दिसल्या, छान दिसल्या. वारं उगवतीकडूनच आलं. पहाटे आत शिरलो तर दवाचं पाणी ताडपत्रीच्या आतल्या बाजूला, थेट नाकावर, कारण ताडपत्री निरभ्र रात्री गार पडते आणि आपल्याच श्वासाची वाफ तिला आतून चिकटते. हे व्हिडिओत सांगत नाहीत, तिथं तो माणूस सकाळी कॉफी पितो.

सात वाजता तात्या हजर. चहा वगैरे काही नाही. ताडपत्री बोटांनी चोळून बघितली.

"केवढ्याची?"

"साडेबाराशे."

"आभाळ फुकट आन् ताडपत्री साडेबाराशे." मग थोडं थांबून, "वल्ली कुठं नेताव आता. ऱ्हाऊ द्या. कडब्याच्या गंजीला व्हईल."

खरंतर ओली ताडपत्री बसमधे कोण घेऊ देणार होतं. बरं म्हटलं. घडी घालायला मी एक कोपरा उचलला, आणि तोंडातून काही निघायच्या आत तात्यांनी समोरचं टोक धरलं, दोन्ही हातांनी, चांगलं ताणून, "जरा वडा पावनं, चुन्या पडायल्यात" म्हणत. शपथ वगैरे कुठं गेली काय माहीत.

दोरी मात्र मी सोडून आणली. आणि खुंट्यासुद्धा, वाकड्या का असेनात.