‘समुद्र एवढा मोठा, लॉज एवढंसं’: होमस्टेवाल्या त्या मेसेजला उत्तर

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. आशय असा: मालवण-तारकर्लीकडचे ‘इको-फ्रेंडली’ होमस्टे म्हणजे परदेशी फॅड आणि निव्वळ धंदा. धुलाई वाचवायला टॉवेल रोज बदलत नाहीत. समोर समुद्र, वर ३००० मिलिमीटर पाऊस, तरी पाणी जपून वापरा म्हणतात. पाच-सहा खोल्यांच्या सांडपाण्यानं समुद्र काही घाण होत नाही, खरी घाण कारखाने करतात. सोलर खाऱ्या हवेत सडतं. बाटली न देता विहिरीचं पाणी पाजतात. रात्री किनाऱ्याकडचे दिवे बंद ठेवतात. आणि एवढी गैरसोय करून वर जादा पैसे घेतात.

मी कोल्हापुरात प्लंबिंग आणि ड्रेनेजची कामं घेतो. त्यातली बरीच घाटाखालच्या छोट्या लॉजांची असतात, म्हणजे या धंद्यावर माझंही थोडं पोट आहे. ते आधीच सांगून ठेवतो. पण जाहिरातीतले फोटो बघणाऱ्याला जे दिसत नाही, ते संडासाच्या टाकीत वाकून बघणाऱ्याला दिसतं.

सगळ्यांना लगेच पटणारा मुद्दा समुद्राचा, म्हणून तो आधी. समुद्र अफाट आहे, मान्य. पण लॉजचं सांडपाणी थेट समुद्रात जात नाही, ते आधी अंगणात मुरतं. देवबाग डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. लॉजची विहीर, त्याची टाकी, शोषखड्डा आणि शेजाऱ्याची विहीर, सगळं एकाच वाळूत. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब असावा असं भारतीय मानक सांगतं. चिंचोळ्या आवारात तेवढं अंतर काढताना घाम फुटतो.

त्यात गवंड्यांची एक जुनी युक्ती आहे: टाकीला तळच करायचा नाही. मग टाकी वर्षानुवर्षं भरत नाही आणि मालक कौतुकानं सांगतो, ‘आमची टाकी कधी उपसावीच लागली नाही.’ कशी लागेल? मैला खालच्या खाली वाळूत निघून जातो. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं, तेव्हा टाकी आणि विहीर जवळजवळ एकाच पाण्यात उभ्या असतात.

आता हिशेब करा. सहा खोल्या, खोलीत तीन माणसं, माणशी १०० लिटर पाणी. रोजचं १८०० लिटर, नाताळच्या आठवड्यात सलग. घरच्या पाच माणसांसाठी बांधलेल्या टाकीत एवढं पाणी थांबतच नाही. मैला तळाला बसायच्या आत पुढच्या पाण्यानं बाहेर ढकलला जातो. शिवाय पाहुण्यांना संडास पांढराशुभ्र लागतो म्हणून रोज ॲसिड ओततात. त्यानं टाकीतले, मैला कुजवण्याचं काम करणारे जीवाणू मरतात. खरं पर्यावरणाचं काम इथं आहे: तळ असलेली, पाणी न झिरपणारी, दोन-तीन कप्प्यांची टाकी, त्यापुढे खडीचा थर आणि कर्दळ लावलेला वाफा, दर दोन-तीन वर्षांनी उपसा, आणि ॲसिडऐवजी ब्रश आणि साधा साबण. यातलं काहीही जाहिरातीत टाकण्यासारखं नाही, म्हणून कुणी टाकत नाही.

वाळूतून सुटलेलं पाणी शेवटी खाडीला लागतं. तिथल्या तिसऱ्या (म्हणजे शिंपले) आणि कालवं पाणी गाळूनच आपलं अन्न मिळवतात. पाण्यात मैला असेल तर त्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात. घाट उतरून गेलेला आपला माणूस पहिल्याच जेवणाला तिसऱ्यांचं सुकं मागवतो, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असेलच.

‘खरी घाण कारखाने करतात’ हे वाक्य कोल्हापूरकरानं तरी जपून वापरावं. रंकाळा हिरवा पडला तो मुख्यतः भोवतीच्या वस्त्यांचं सांडपाणी नाल्यांतून आत आल्यामुळं. ते सोडणारं प्रत्येक घर पाच-सहा खोल्यांचंच होतं. पंचगंगेबद्दलही ‘वाहतं पाणी आहे, काय होत नाही’ असंच म्हणत होते. २०१२ साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत दूषित पाण्यामुळं काविळीची साथ आली, तेव्हा ते म्हणणं बंद झालं.

‘समोर समुद्र, वर ३००० मिलिमीटर पाऊस.’ पाऊस खरा आहे, पण तो मुख्यतः जून ते सप्टेंबर पडतो आणि जांभ्याच्या भोकाभोकांतून झपाट्यानं निघून जातो. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. आपल्याच जिल्ह्यात, पश्चिमेच्या धो-धो पावसाच्या पट्ट्यात, धनगरवाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात घागरी घेऊन वणवण फिरतात. पाऊस किती पडला यापेक्षा किती थांबला, याला किंमत.

किनाऱ्यावर तर आणखी एक भानगड आहे. तिथं जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. ढोबळ नियम असा, की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. हा हिशेब उलटाही चालतो. पंप लावून वरची पातळी थोडी खाली आणली, की खालून खारं पाणी त्याच पटीत वर सरकायला लागतं. एकदा विहीर मचूळ झाली की ती मालकाची, शेजाऱ्याची आणि माडांचीही झाली, आणि पुन्हा गोडी व्हायला चांगले पावसाळे जावे लागतात. किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यावर सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकाम-वापराच्या सरकारी नियमांत बंधनं आहेत, ती उगाच नाहीत. तेव्हा शॉवरऐवजी बादली ठेवणारा मालक कंजूष असेलही, पण तो विहीरही वाचवतोय.

आणि हे परदेशी फॅड? कोकणात न्हाणीचं पाणी माडाच्या, केळीच्या आळ्यात सोडायची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. माडाला उन्हाळ्यात रोज ३०-४० लिटर पाणी लागतं. दोन माणसांच्या आंघोळीत एक माड भागतो. मधल्या काळात घरांना टाइल्स आल्या, पाइप आले, आणि ते पाणीही संडासाच्या टाकीत जाऊ लागलं. टाकीवरचा निम्म्याहून जास्त बोजा त्याचाच. आम्ही आता पैसे घेऊन तो पाइप पुन्हा वेगळा काढून देतो.

टॉवेलच्या मुद्द्यावर मेसेज अर्धा बरोबर आहे. धुलाई वाचते, पैसे वाचतात, आणि मालकाला ते हवंच असतं. पण वरून भरायच्या वॉशिंग मशिनला एका घाण्याला १०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि सहा खोल्यांच्या चादरी-टॉवेलांचे दोन-तीन घाणे सहज होतात. मे महिन्यात टँकर विकत घेणाऱ्या माणसानं ते वाचवलं तर त्यात पाप कसलं? पैसा आणि पाणी एकाच वेळी वाचलं तर पाणी खोटं वाचलं असं होत नाही. मुक्काम दोन रात्रींचा असताना घरी तरी आपण टॉवेल रोज बदलतो का, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात विचारावं; उत्तर बहुतेक बायको देईल.

सोलर सडतं, हे खरं; पण नेमकं काय सडतं ते बघा. पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्यांना खाऱ्या हवेनं काही होत नाही. गंजतं ते खालचं लोखंडी स्टँड आणि नट-बोल्ट. तिथं चांगलं गॅल्वनाइज केलेलं किंवा ॲल्युमिनियमचं स्टँड आणि स्टेनलेसचे बोल्ट घातले की प्रश्न बराचसा मिटतो. हे थोडं महाग पडतं, म्हणून कोल्हापुरात चालतं तेच स्टँड घाटाखाली नेऊन बसवतात आणि मग सोलरला शिव्या घालतात. किनाऱ्यावर पाणी मुळातच २६-२७ अंशांचं असतं. आंघोळीच्या ४२ अंशांपर्यंत १०० लिटर पाणी न्यायला जेमतेम दोन युनिट ऊर्जा लागते. ढगाळ दिवस सोडले तर सूर्य तेवढी सहज देतो. पावसाळ्यात गीझर लावावा लागतो, ते कुणी नाकारत नाही.

पिण्याच्या पाण्याबद्दलची शंका मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. वर टाकीचं जे सांगितलं, त्यानंतर विहिरीच्या पाण्यावर डोळे झाकून विश्वास कोण ठेवील? पण त्याचा उपाय बाटली नाही. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, क्षार कमी असतात, त्यामुळं तिथं आरओची गरजच नसते. गाळणी आणि यूव्ही, नाहीतर सरळ उकळलेलं पाणी पुरतं. आरओ मशिन एक लिटर गाळताना त्याहून जास्त पाणी फेकून देतं, ते मेमध्ये कुणाला परवडणार? वाळूतल्या मचूळ विहिरीला आरओ लागतो. मग ते फेकलेलं पाणी फरशी पुसायला धरावं. बाटल्यांचं म्हणाल तर छोट्या ग्रामपंचायतीकडं कचरा उचलायला रोज गाडी येतेच असं नाही. अनेक ठिकाणी रिकाम्या बाटल्या मागच्या अंगणात पेटतात, आणि तो धूर त्याच पाहुण्याच्या खिडकीत शिरतो.

दिव्यांचं एका परिच्छेदात उरकतो. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून रात्री बाहेर पडतात आणि जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. लॉजचा हॅलोजन पेटलेला असेल तर लॉजची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला घरट्यांचं संरक्षण २००२ पासून चाललंय आणि पिल्लं बघायला येणारे लोक गावातल्या घरांतच उतरतात. तिथं दिवे मालवणं हा धंद्याचाच भाग आहे.

राहिले जादा पैसे. बांबूचं स्ट्रॉ, भिंतीवर वारली चित्र, खोलीत १८ अंशांवर एसी आणि मागे तळ नसलेली टाकी, अशा ठिकाणी ‘इको’ म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नये. मेसेजवाल्याची चीड तिथं रास्त आहे. पण चांगली टाकी, वेगळा पाइप, न गंजणारं स्टँड यांना खर्च येतो, आणि सहा खोल्यांवर तो वाटला की भाड्यात दिसणारच. फरक ओळखायला फोटो बघू नका. बुकिंगच्या फोनवर तीन प्रश्न विचारा: टाकीला तळ आहे का, विहिरीपासून किती लांब आहे, शेवटची कधी उपसली. ज्यानं नीट बांधलीय तो मालक यावर अर्धा तास बोलेल, तुम्ही कंटाळाल. आणि जो ‘आमची कधी भरतच नाही’ म्हणेल, त्याच्याकडं उतरलात तर निदान पाणी उकळून घ्या.