पाडव्याचा मुहूर्त धरा, डिसेंबरात बाळंत व्हा

अमेरिकेत मूल होऊ द्यायचं ठरवलंय? अभिनंदन. आता आधी पंचांग काढा.

दचकू नका. तुम्ही दोघं आयटीत आहात, पत्रिका न बघता लग्न केलंत, साखरपुड्यात आत्याबाईंनी नाडीचा विषय काढला तेव्हा तुम्ही दोघं गालातल्या गालात हसलात, हे सगळं मान्य. पण मूल कुठे जन्मतं आणि केव्हा जन्मतं यावर पुढचं सगळं ठरतं, असं जोशीबुवा म्हणायचे ना? डॅलसला एक बाळंतपण होऊ द्या. जोशीबुवांच्या पाया पडाल.

प्रथम जन्मवेळ. बहुतेक नोकरदारांच्या आरोग्यविम्याचं वर्ष 1 जानेवारीला सुरू होतं, आणि त्या दिवशी डिडक्टिबलची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. डिडक्टिबल म्हणजे वर्षातले पहिले काही हजार डॉलर तुम्ही खिशातून घालायचे. मग विमा कंपनी जागी होते, आणि डोळे चोळत उरलेल्यातलाही थोडा हिस्सा तुमच्याकडेच मागते. ऑगस्टात दिवस राहिले आणि मेमध्ये बाळ आलं, तर नऊ महिन्यांत दोन वर्षांचं डिडक्टिबल भरावं लागतं. म्हणून पहिल्या सोनोग्राफीपासून टाक्यांपर्यंत सगळं एकाच कॅलेंडरात बसवायचं.

हिशेब मी करून ठेवलाय. 2025 चा पाडवा 30 मार्चला होता. त्यात दिवस राहिल्यापासून बाळ येईपर्यंतचे 266 दिवस मिळवा, 21 डिसेंबर येतो. साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्वजांनी नेमका का निवडला ते आता कळलं असेल. मात्र दरवर्षी इतकं सोपं नसतं. 2024 चा पाडवा 9 एप्रिलला होता, म्हणजे हिशेब थेट 31 डिसेंबरवर जातो. तो मुहूर्त धरणाऱ्या बाईने कळा देताना एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर ठेवायचा. रात्री बाराच्या आत बाळ आलं, तर आयकरात अख्ख्या वर्षाची सूटही मिळते. मूल एका दिवसाचं, सवलत बारा महिन्यांची! बाराला पाच मिनिटं कमी असताना नवरा 'पुश, पुश' म्हणून ओरडत असेल, तर ते निव्वळ प्रेम असेलच असं नाही.

आता जन्मस्थान. कॅलिफोर्नियात 2004 पासून, न्यूजर्सीत 2009 पासून, न्यूयॉर्कमध्ये 2018 पासून राज्याच्या योजनेतून पगारी कौटुंबिक रजा मिळते. टेक्सासमध्ये खासगी नोकरी करणाऱ्याला राज्याकडून काही नाही. म्हणजे न्यूजर्सीच्या एडिसनमधली मावसबहीण आणि टेक्सासात डॅलसजवळच्या फ्रिस्कोमधल्या तुम्ही, दोघी एकाच कॉलेजातून शिकलेल्या, दोघींची डिग्री तीच, दोघींना दिवसही एकाच महिन्यात गेले, तरी तिचं बाळ अंगावर झोपलेलं असेल तेव्हा तुमची सकाळी साडेआठची मीटिंग सुरू झालेली असेल. ग्रह तेच, स्थान बदललं की फळ बदलतं. फ्रिस्कोला घर मोठं मिळालं म्हणून तुम्ही गेलात. त्या मोठ्या घराची एक खोली बाळासाठी सजवलीत, पण खोलीत बाळाशेजारी कोण बसणार हे एजंटने सांगितलं नव्हतं.

अख्ख्या देशासाठी काहीच नाही असं मात्र म्हणू नका, कृतघ्नपणा होईल. 1993 साली बिल क्लिंटन यांच्या सहीने कायदा झाला आणि बारा आठवड्यांची रजा मिळाली. बिनपगारी. म्हणजे तुम्ही घरी बसलात तर नोकरी जाणार नाही, फक्त पगार जाईल. त्यालाही अटी आहेत. त्या नोकरीत बारा महिने झालेले हवेत, वर्षभरात 1250 तास भरलेले हवेत, आणि तुमच्या ऑफिसपासून 75 मैलांच्या आत कंपनीची किमान 50 माणसं कामाला हवीत. 75 मैल म्हणजे पुण्यातून निघून साताऱ्याच्या थोडं पुढे. तेव्हा दिवस जाण्याआधी ऑफिसातली डोकी मोजून घ्या. 49 भरली, तर एखाद्या भाच्याला चिकटवता येईल का ते बघा. नवराबायको एकाच कंपनीत असाल तर बाळासाठीचे ते बारा आठवडे दोघांत मिळून बारा, हेही लक्षात असू द्या. एका ताटात जेवावं म्हणतात ना, तसंच.

गंमत अशी, की बाळंतिणीला बारा आठवडे रजा आणि त्या काळात पोटापुरता पैसा मिळावा, असा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय करार नोव्हेंबर 1919 मध्ये जिथे मंजूर झाला, ते शहर वॉशिंग्टन. मांडव घरच्यांनी दिला, पंगत उठली, जग जेवून गेलं, यजमान अजून उपाशी. त्या करारावर अमेरिकेने आजतागायत शिक्कामोर्तब केलेलं नाही. देशभर लागू असलेली पगारी बाळंतरजा नसलेल्या देशांच्या छोट्याशा यादीत तिच्या शेजारी पापुआ न्यू गिनी, टोंगा, नाउरू अशी नावं भेटतात. 2021 मध्ये बायडन यांच्या विधेयकात बारा आठवडे होते, मग चार झाले, मग विधेयकासकट गेले.

मग पैसा आणायचा कुठून? अपंग व्हा. मी थट्टा करत नाही. बऱ्याच कंपन्यांत 'अल्पकालीन अपंगत्वा'चा विमा असतो, आणि त्यात बाळंतपण बसतं. सरळ झालं तर साधारण सहा आठवडे, सिझेरियन असेल तर आठ, पगाराचा काही हिस्सा मिळतो. माझी आजी बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरून उठू द्यायची नाही. सव्वा महिना आणि सहा आठवडे यांत चार-दोन दिवसांचाच फरक. एकीने मळवट भरून, दुसऱ्याने फॉर्म भरून, दोघांनी शोध मात्र एकच लावला. आजीच्या भाषेत ती 'ओली बाळंतीण' होती, तिथे ती अपंग आहे, एवढाच भेद. फॉर्मवर आजाराचं कारण लिहायची जागा असते. तिथे बाळाचं नाव लिहू नका, मी लिहिलं होतं, फॉर्म परत आला.

तेवढ्याने भागलं नाही तर रजादान मागा. आपल्याकडे अन्नदान, रक्तदान, नेत्रदान ऐकलं होतं. तिथे काही कंपन्यांत सहकारी आपल्या रजेतला एखादा दिवस बाळंतिणीला दान करू शकतात. एचआर त्याची ईमेल छान फुलाबिलांचं चित्र घालून पाठवतं. आमच्या ओळखीतल्या एकीला असे अकरा दिवस मिळाले. त्यातले दोन तिच्या मॅनेजरने दिले होते, आणि पुढे वर्षभर प्रत्येक मीटिंगमध्ये तो बाळाची चौकशी अशी करायचा, जणू कन्यादान त्यानेच केलंय.

विम्याचं तर सगळं देणंच नोकरीच्या दारातून येतं. आजारपणाचा आणि मालकाचा संबंध काय, असं तुमच्या बाबांनी फोनवर विचारलं की त्यांना दुसरं महायुद्ध सांगा. 1942 मध्ये सरकारने पगारवाढ रोखून धरली, कामगार टिकवायला मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला, पुढे त्यावर करसवलत मिळाली. युद्ध संपलं, विमा मालकाच्या खुंटीलाच बांधलेला राहिला. 1945 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सगळ्यांसाठी सरकारी विमा आणायचं म्हटलं, तर डॉक्टरांच्या संघटनेला त्यात साम्यवाद दिसला. 1961 मध्ये म्हाताऱ्यांपुरता का होईना, पण सरकारी विमा येऊ घातला, तेव्हा त्याविरुद्ध रोनाल्ड रेगन (तेव्हाचे नट, पुढचे राष्ट्राध्यक्ष) यांच्या आवाजातली एक तबकडी निघाली. डॉक्टरांच्या बायका शेजारणींना कॉफीला बोलावून ती ऐकवायच्या. आपल्याकडे भिशीत साड्या दाखवतात, तिकडे समाजवादाचं भूत दाखवत. तरी 1965 मध्ये मेडिकेअर आलंच, 65 वर्षांपुढच्यांसाठी. तेव्हा एक उपाय असाही आहे, की बाळंतपण 65 पूर्ण होईपर्यंत लांबवायचं.

दुसरा उपाय गरीब होण्याचा. गरिबांसाठी मेडिकेड आहे आणि देशातल्या दर दहा बाळंतपणांपैकी चारांचा खर्च तेच उचलतं. म्हणजे सरकारला बाळंतपण करता येतच नाही अशातला भाग नाही. तुम्ही एच-वनवाले, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरचे, तुम्हाला पुरेसं गरीबही होता येत नाही. नोकरी गेली तर व्हिसा टिकवायला साठ दिवस, आणि विमा टिकवायला कोब्रा. सदाशिव पेठेतल्या वाचकांच्या मनात आलं ते नव्हे. हा कोब्रा म्हणजे जुना विमा पुढे चालू ठेवायची सोय, फक्त मालकाचाही हिस्सा आता तुम्ही भरायचा आणि वर दोन टक्के हाताळणीचे. नाव ठेवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाला दाद द्या.

बिलाबद्दल घाबरू नका, ते एकदम येत नाही. आधी विमा कंपनीचं पाकीट येतं, त्यावर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही' असं लिहिलेलं असतं. मग भूलतज्ज्ञाचं येतं, लॅबचं येतं, हॉस्पिटलचं येतं. 2022 च्या एका हिशेबाप्रमाणे मालकाकडून विमा असलेल्या बाईच्या गरोदरपण आणि बाळंतपणाचा एकूण खर्च सरासरी 18,865 डॉलर, त्यातले 2,854 तिच्या खिशातून. विमा असून, हे विसरू नका. तपशीलवार बिल मागून घ्या, वाचनीय असतं. 2016 साली युटामधल्या एका बापाने आपलं बिल जगाला दाखवलं होतं. सिझेरियननंतर बाळ आईच्या अंगावर ठेवल्याचे 39 डॉलर 35 सेंट. पस्तीस सेंट कशाचे, यावर मी बराच विचार केलाय. बहुधा बाळ जरा जास्त वेळ बिलगलं असावं.

आणि ॲम्ब्युलन्स बोलावू नका. अचानक येऊन धडकणाऱ्या अवाच्या सवा बिलांविरुद्धचा कायदा 2022 पासून लागू आहे, पण त्यात हेलिकॉप्टर आहे, रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स नाही. कळा सुरू झाल्या तर उबर करा किंवा हेलिकॉप्टर. उबरला मागच्या सीटवर टॉवेल अंथरा, रेटिंगचा प्रश्न असतो.

सहा आठवडे झाले की बाळ डेकेअरला. कुत्र्याचं पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय व्यापारासाठी वाहतुकीला देता येत नाही, असा तिथे केंद्राचा नियम आहे. बाळाला असा नियम नाही, कारण बाळाचा व्यापार कोणी करत नाही.

हे वाचून पुण्यातल्या काकांची छाती फुगली असेल. आपल्याकडे 2017 पासून सव्वीस आठवडे, पगारी! खरंय. काका, तेवढं ते तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंना सांगा. त्यांची सून मागच्या महिन्यात बाळंत झाली.

राहता राहिली आजी. सगळ्यात भरवशाची पगारी रजा म्हणजे बिनपगारी आजी, पर्यटक व्हिसावर, सहा महिने. आमची आई डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, वेखंड आणि अळीव घेऊन उतरली. चौथ्या दिवशी तिने बाळाला ओव्याची धुरी द्यायला घेतली आणि घरातले तिन्ही स्मोक अलार्म एकदम किंचाळले. शेजारी बाहेर आले, अग्निशमनवाले आले, एका दाढीवाल्या जवानाने धुपाटणं हातात धरून विचारलं, हे काय आहे? आई म्हणाली, "बाळाला शेक देतेय, तूपण घे लाडू." त्याने घेतला. त्याचं बिल अजून तरी आलेलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं केलं. पाळण्याला झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा, दोन शेजारणी, व्हॉट्सॲपवर अर्धं सांगली. नाव अजून कानात सांगायचं होतं, तेवढ्यात टपाल आलं. पाकिटावर नाव होतं 'बेबीगर्ल' आणि पुढे आमचं आडनाव. हॉस्पिटलने आमच्या आधीच नाव ठेवलं होतं. आईला इंग्रजी येत नाही, पण आडनाव तिने ओळखलं. "बाळाला पहिलं पत्र आलं गं," म्हणाली, पाकिटाला हळदीकुंकू लावलं आणि पाळण्यात उशाशी ठेवलं.

मी ते रात्री उघडलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, हे बिल नाही.